जळगावपुरता सेवांचा भाव निर्देशांक: भाव लिहिणं सोपं, ‘तीच सेवा’ धरून ठेवणं अवघड

केळीबाग

नमस्कार मंडळी. जळगाव शहरापुरता सेवांच्या भावांचा छोटा निर्देशांक बांधायचा आहे. महिन्यातून एकदा भाव घ्यायचे, पहिला महिना १०० धरायचा, निदान दोन वर्षं चालवायचा. कच्ची यादी: घरभाडं, शाळेची फी, क्लासची फी, डॉक्टरची तपासणी, रक्ताची चाचणी, केस कापणं, शिलाई, इस्त्री, दळण, धुणंभांडी, शेअर रिक्षा, एसटी, मोबाइल रिचार्ज, कूलरची दुरुस्ती, हॉटेलातलं जेवण. सरकारी ग्राहक किंमत निर्देशांक राज्याचा मिळतो, जिल्ह्याचा निघत नाही, म्हणून हा खटाटोप.

अडतंय ते असं. सरकारी निर्देशांकातला ‘संकीर्ण’ गट म्हणजेच सेवा धरून ताळा घ्यावा का? एकेका सेवेचे किती भाव घ्यावेत आणि त्यांची सरासरी कोणती? घरभाडं महिन्याला हलतच नाही, त्याचं काय करायचं?

आकडेमोड

पहिल्याचं उत्तर: नाही. २०१२ पायाच्या मालिकेत संकीर्ण गटाचं वजन (एकूण १०० पैकी वाटा) २८.३२ होतं. त्यात सोनं १.०८, चांदी ०.११, गाडीचं पेट्रोल २.१९ आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेली औषधं ४.०१. या चार वस्तूच मिळून ७.३९ होतात, म्हणजे गटाचा पाव हिस्सा आणि वर थोडं. उलट ज्या खऱ्या सेवा आहेत त्या बाहेर बसल्या होत्या. हॉटेलचं जेवण ‘तयार जेवण, फराळ, मिठाई’ म्हणून ५.५५ वजनाने अन्नगटात होतं, घरभाडं १०.०७ च्या स्वतंत्र गृहनिर्माण गटात. एकूण टोपलीत सेवांचा वाटा साधारण २३.४ टक्के.

सुवर्णनगरीत बसून संकीर्ण गटाला सेवा म्हणू नका. २०२५ मध्ये सोनं चढलं तसा ‘वैयक्तिक निगा’ हा उपगट वर गेला, त्यात न्हाव्याचा काही हात नव्हता.

फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ पायाची नवी मालिका आहे. वजनं २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीतून, वर्गवारी कोइकॉप २०१८ (घरखर्चाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) प्रमाणे बारा विभागांत. हॉटेल आणि निवास यांना त्यात स्वतंत्र विभाग मिळाला, ते बरं झालं. पण तिथेही दागिने वैयक्तिक निगेच्याच विभागात आहेत आणि पेट्रोल वाहतुकीत. म्हणून ताळा घ्यायचा तर विभागाशी नको, एकेका बाबीशी घ्या.

घाऊक किंमत निर्देशांकाकडे तर वळूच नका. त्यात सेवा मुळातच नाहीत.

तापीकाठ

सरासरी नंतर बघू. आधी यादी दुरुस्त करा. ‘केस कापणं’ ही सेवा नाही, ते नाव झालं. भाव ज्या गुणांनी बदलतो ते सगळे गुण लिहून टाकल्यावरच ती सेवा होते, आणि ते वर्णन दर महिन्याला जसंच्या तसं विचारायचं.

केस कापणं: प्रौढ पुरुष, कात्री-मशीन, दाढी नाही, डोक्याला मालिश नाही, साधी खुर्ची, रविवार सोडून. मालिश काही दुकानांत फुकट असते. ती बंद करून दर तोच ठेवला तर भाव वाढलाच, म्हणून ‘मालिश आहे/नाही’ हा रकाना हवाच.

दळण: धान्य कोणतं ते लिहा. गहू, दादर ज्वारी, बाजरी आणि कळण्याचं (ज्वारी-उडीद) यांचे दर एका गिरणीत वेगळे असू शकतात. दर किलोला घ्या. काही ठिकाणी पायलीवर सांगतात, तेव्हा त्याच गिरणीत त्याच धान्याची पायली एकदा तोलून घ्या आणि तो आकडा कायम वापरा. घट किती धरतात तेही विचारा. दर तोच ठेवून घट वाढवणं हीसुद्धा भाववाढ.

शिलाई: पॅन्ट की शर्ट, अस्तर दुकानाचं की गिऱ्हाइकाचं, बटणं-चेन धरून की वेगळी. ब्लाउजला अस्तराचा आणि साध्याचा भाव कधीच एका रकान्यात टाकू नका.

डॉक्टर: इथे सगळ्यांची फसगत होते. फी ३०० च्या ३०० राहते, पण केसपेपरची मुदत १५ दिवसांवरून ७ वर येते. एक भेट विचारलीत तर बदल शून्य. म्हणून सेवा अशी बांधा: ‘पहिली तपासणी आणि दहाव्या दिवशी फेरतपासणी’. मुदत १५ दिवसांची असताना याचे ३०० पडत होते, ७ झाल्यावर ६०० पडतील. फेरतपासणीला २०० असतील तर ५००. रोग्याच्या खिशातून जातं ते हेच.

कूलर: मजुरी आणि सामान वेगळं. पंप ही वस्तू आहे, कूलरचं गवतही वस्तूच. तुमच्या निर्देशांकात फक्त ‘टाकी साफ करणं, तिन्ही जाळ्यांचं गवत बदलणं, पंप जोडून चालू करून देणं’ याची मजुरी. दुकानदार एकत्रित रक्कम सांगत असेल तर गवताचा भाव त्याच्याकडूनच विचारून वजा करा, बाजारभावाने नको.

धुणंभांडी: माणसाचा पगार विचारू नका, कामाचा दर विचारा. ‘चार माणसांचं घर, दोन वेळ भांडी, महिन्याला’. सुट्ट्या किती आणि दिवाळीला एक पगार जादा आहे का, हे दोन रकाने. जादा पगार यंदाच सुरू झाला असेल तर वर्षाचा भाव १३/१२ झाला, म्हणजे ८.३३ टक्क्यांनी वाढला, महिन्याची रक्कम न हलता.

गिरणाथडी

बठ्ठं बरोबर शे भाऊ, पण बोर्डावरचा भाव लिहायचा की दिलेला? शेअर रिक्षात ओळखीच्याला वेगळा, बॅगवाल्याला वेगळा.

तापीकाठ

दिलेला. पण ‘कोणी दिलेला’ हे ठरवून. ओळखीची सूट मोजायची नाही, ती सगळ्यांना मिळत नाही. क्लासची ‘लवकर प्रवेश घ्या, १० टक्के सूट’ मोजायची, कारण त्या मुदतीत जो येईल त्याला मिळते. फक्त ती त्या महिन्यापुरतीच लिहायची. रिक्षाला ‘एक सीट, रेल्वे स्टेशन ते महाबळ, सकाळी दहा-अकरा, हातात सामान नाही’ असं बांधा. बाजारच्या दिवशी किंवा लग्नाच्या तिथीला भाव घेऊ नका. घेतलाच तर दर महिन्याला त्याच प्रकारच्या दिवशी घ्या.

तालुक्याच्या वाटेवरच्या काळी-पिवळीलाही हाच नियम. गाडी भरून सुटते की वेळेवर, हे मात्र नोंदवत जा.

आकडेमोड

आता सरासरी. समजा तीन सलून. पहिल्या महिन्यात ५०, ८०, २०० आणि नंतर ७०, ९०, २००. (आकडे काल्पनिक आहेत.)

आधी तिन्हींची बेरीज करून भागलंत तर ३३० चे ३६०, वाढ ९.१ टक्के. यात २०० वालं महाग दुकान सगळ्यांना दाबून टाकतं. प्रत्येकाचं गुणोत्तर काढून (१.४०, १.१२५, १.००) साधी सरासरी घेतलीत तर वाढ १७.५ टक्के. तीच गुणोत्तरं गुणून घनमूळ काढलंत तर १६.३ टक्के. तिसरी पद्धत वापरा. तिला जेव्हन्स म्हणतात आणि आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकात सर्वांत खालच्या पायरीवर हीच भूमितीय सरासरी आहे.

दुसऱ्या पद्धतीचा दोष पुढच्या महिन्यात उघडा पडतो. भाव परत ५०, ८०, २०० वर आले असं धरा. गुणोत्तरं ०.७१४, ०.८८९, १.००, साधी सरासरी ०.८६८. महिन्यामागून महिना गुणत गेलात तर १.१७५ × ०.८६८ म्हणजे जवळजवळ १.०२. भाव होते तिथे आले आणि निर्देशांक २ टक्के वर राहिला! भूमितीय सरासरीत तो बरोबर १०० वर येतो. सेवांमध्ये सूट लागते-निघते, त्यामुळे ही चूक साचत जाते.

पहिली पद्धतही सरसकट टाकाऊ नाही. सगळ्या दुकानांत सेवा खरोखर एकसारखी असेल, उदाहरणार्थ गव्हाचं दळण किलोला, तर ती चालते.

किती भाव? जिथे दुकानागणिक वेग वेगळा तिथे जास्त. सलून, शिलाई, दवाखाना यांचे सात-आठ, आणि ते नवी पेठ, पिंप्राळा, मेहरूण, शिवाजीनगर असे विखुरलेले. सगळे गोलाणी मार्केटमधले घेतलेत तर तो गोलाणीचा निर्देशांक होईल. एसटी आणि मोबाइलला एकेक दरपत्रक पुरे, तिथे पाच ठिकाणी विचारून काही नवीन कळत नाही.

सातपुडा

मोबाइलबद्दल एक सावधगिरी. रकमेवर जाऊ नका, दिवसाच्या भावावर जा. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला. दिवसाला ८.५४ चे १०.६८, वाढ २५.१ टक्के. मुदत बदलली नव्हती म्हणून इथे रकमेवरूनही तेवढंच निघतं. पण दर तोच ठेवून मुदत २८ ची २४ केली तर रकमेत काही दिसणार नाही, दिवसाच्या भावात १६.७ टक्के दिसेल.

२८ दिवसांचा ‘महिना’ म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. वजन काढताना घरखर्चाच्या वहीतली एका महिन्याची रक्कम बारानेच गुणलीत तर वजन कमी पडतं.

त्याच वेळी अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं गेलं. ही दर्जातली घट रुपयांत मोजायचा खात्रीचा मार्ग नाही. एक कामचलाऊ मार्ग आहे: दीड जीबी आणि दोन जीबी प्लॅनमधला फरक ही त्या सोयीची किंमत धरायची. मला तो फरक पूर्ण मोजणं पटत नाही, कारण त्यात जादा डेटाही आहे आणि जळगावात प्रत्येकाचा फोन फाइव्ह-जी नाही. शेरा लिहून सोडून द्यावं.

वरणबट्टी

हॉटेलच्या जेवणातही तेच होतं. शेवभाजी १४० ला, सोबत चार पोळ्या. पुढच्या महिन्यात १४० लाच तीन पोळ्या, जादा पोळी १२ रुपये. लिहायचा भाव १५२, वाढ ८.६ टक्के. रस्सा पुन्हा मागितल्यावर पैसे लागतात का, हाही रकाना ठेवा. खान्देशात शेवभाजीचा अर्धा भाव रश्श्यातच असतो.

केळीबाग

हे सगळं वर्णनपत्रकात घेतो. घरभाड्याकडे येऊ का?

आकडेमोड

भाड्याची पहिली चूक म्हणजे सरासरी भाडं. दहा घरं ६,००० ची. दोन भाडेकरू गेले, त्यांच्या जागी नमुन्यात दोन नवे फ्लॅट १२,००० चे आले. सरासरी ६,००० ची ७,२०० झाली, २० टक्के ‘महागाई’, आणि एकाही घराचं भाडं वाढलेलं नाही. म्हणून घर तेच ठेवायचं. भाडेकरू बदलला तरी घर तेच.

२०१२ च्या मालिकेत भाडं प्रत्येक घराचं सहा महिन्यांनी एकदा घेत. नमुन्याचे सहा भाग, दर महिन्याला एक भाग, आणि त्या भागाची तुलना त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या भाड्याशी. तुम्ही ३६ घरं घ्या, सहाचे सहा गट करा. गटाचं सहामाही गुणोत्तर आलं की दोन वाटा आहेत. एक, सहा महिन्यांपूर्वीच्या निर्देशांकाला त्याने गुणायचं. दुसरी अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याची: गुणोत्तराचं सहावं मूळ काढून ती एका महिन्याची हालचाल धरायची. १.०३ असेल तर महिन्याला ०.४९ टक्के. सहा घरांचा गट फार लहान आहे, एका घराने आकडा उडतो, म्हणून तुम्हाला दुसरी वाट सोयीची.

सुरुवातीच्या सहा महिन्यांत तुलनेला मागचा आकडाच नसतो. त्यासाठी गटाच्या पहिल्या भेटीत ‘सहा महिन्यांपूर्वी किती देत होता’ हेही विचारा आणि शक्य तिथे करारपत्र पाहा. आठवणीवर सोडलंत तर लोक गोल आकडा सांगतात.

तापीकाठ

करारपत्रात ‘दरवर्षी १० टक्के’ असतं, तेच धरलं तर फेऱ्या वाचतील.

आकडेमोड

नाही वाचणार. एक तर करारात लिहिलेली वाढ प्रत्यक्ष घेतली जातेच असं नाही, जुना भाडेकरू टिकवायला मालक सोडून देतो. दुसरं, आपल्याकडचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांना १० टक्के म्हणजे वर्षाला १०.९६ टक्के, ५ असेल तर ५.४७. शिवाय नूतनीकरणाचा महिना दरवर्षी एकाने मागे सरकतो, यंदा जूनमध्ये तर पुढे मेमध्ये. त्यामुळे ‘भाडी जूनमध्ये वाढतात’ असं गृहीत धरून फक्त जूनला फेरी मारली की काही वर्षांनी ती फेरी हुकते.

विद्यार्थ्यांच्या खोल्या वेगळ्या. त्या खरंच जूनला बदलतात. त्या सहाही गटांत वाटून टाका, एका गटात कोंबू नका.

गिरणाथडी

डिपॉझिट दहा हजाराचं पन्नास केलं आणि भाडं तेच ठेवलं तर?

आकडेमोड

४०,००० अडकले. ६ टक्के व्याज धरलं तर महिन्याला २०० रुपये बुडाले. अर्थशास्त्राने बघाल तर ती भाववाढच, पण डिपॉझिट परत मिळणारं असतं म्हणून भाव निर्देशांकात सहसा घेत नाहीत. तुम्हीही घेऊ नका, शेरा ठेवा. सोसायटीची देखभाल आणि पाणीपट्टी भाड्यात आहे की बाहेर, हे मात्र पहिल्याच दिवशी लिहा. मालकाने ५०० ची देखभाल भाड्यातून काढून वेगळी मागायला सुरुवात केली तर भाडं ‘उतरलेलं’ दिसेल.

भुसावळकर

नमुना पुढे भुसावळपर्यंत वाढवणार असाल तर रेल्वे कॉलनी, दीपनगरची वसाहत, वरणगावच्या आयुध निर्माणीची वसाहत, ही घरं टाळा. कर्मचाऱ्याला मिळालेल्या घराचं भाडं बाजार ठरवत नाही. सातव्या वेतन आयोगाचा घरभाडे भत्ता केंद्राने जुलै २०१७ पासून वाढवला, तेव्हा सरकारी निवासस्थानांचं ‘भाडं’ भत्त्यावरून मोजलं जात असल्याने देशाचा गृहनिर्माण निर्देशांक चढला. बाजारातली भाडी तेवढी वाढली नव्हती. रिझर्व्ह बँकेला त्या काळात भत्त्याचा परिणाम वगळून महागाईचा वेगळा आकडा सांगावा लागला. नव्या मालिकेत अशी घरं काढली आहेत, आणि गावाकडचं घरभाडं पहिल्यांदा आत आलं आहे. आधी ग्रामीण टोपलीत गृहनिर्माणाचं वजनच शून्य होतं.

रेल्वेचं निघालंच आहे तर: कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं किमान ३० रुपये भाडं लागत होतं, ते फेब्रुवारी २०२४ अखेर पुन्हा १० वर आलं. भुसावळ-जळगाव रोज ये-जा करणाऱ्याला तो मोठा फरक होता. उलट १ जुलै २०२५ ची वाढ बिगर-वातानुकूलित मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरला १ पैसा, म्हणजे जळगाव-मुंबईच्या ४२० किलोमीटरला चार-साडेचार रुपये. बातम्या मात्र दुसरीच्याच जास्त झाल्या. यादीत रेल्वे नाही, ती घ्या.

मुक्ताईनगरची

एसटीबद्दल एक प्रश्न राहतोय. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. मग एसटीचा भाव कुठला, पूर्ण तिकीट? अर्ध्या प्रवाशांना तो भाव लागतच नाही.

आकडेमोड

ताई, प्रश्न रास्त आहे. ओळखीच्या सुटीसारखं हे नाही; ठरलेल्या मोठ्या गटाला आपोआप मिळतं, म्हणून मोजायला हवं. पण कधी? समजा निम्मी प्रवासी महिला. सवलत सुरू झाली त्या महिन्यात सरासरी भाव १ चा ०.७५ झाला, २५ टक्के उतार. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली ती पूर्ण तिकिटालाही आणि अर्ध्यालाही त्याच प्रमाणात. ०.७५ आणि १ दोन्ही त्याच आकड्याने गुणले जातात. म्हणजे सवलत निर्देशांक हलवते ती फक्त सुरू होताना आणि बंद होताना. तुमची मालिका आज सुरू होते आहे, सवलत आधीपासून आहे, तर पूर्ण तिकिटाचा भाव घेऊनही हालचाल बरोबर निघेल.

वजनात मात्र फरक पडतो. घराचा एसटीवरचा खर्च प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवरून काढा, पूर्ण तिकिटावरून नाही.

मुक्ताईनगरची

पटलं, पण एक खोट आहे. तिकीट गोल आकड्यात येतं. त्यामुळे जवळच्या टप्प्याला वाढ नेमकी १४.९५ येत नाही, कधी कमी येते, कधी जास्त. समजा ५ च्या पटीत गोल केलं, तर २० रुपयांचं तिकीट हिशोबाने २२.९९ होऊन २५ ला जाईल, वाढ २५ टक्के. १०० चं ११५ होतं, तिथे १५. एकच मार्ग धरून चालणार नाही.

आकडेमोड

बरोबर. तीन अंतरं घ्या: जळगाव-भुसावळ, जळगाव-चोपडा, जळगाव-धुळे. वजन प्रवासी कुठल्या अंतराला जास्त त्यावरून. माझ्या वरच्या हिशोबाला ही दुरुस्ती लागू.

केळीबाग

शाळेची फी जूनमध्ये एकदाच बदलते. मग अकरा महिने तोच आकडा लिहीत बसायचं?

मुक्ताईनगरची

हो, लिहायचाच. वार्षिक सक्तीची एकूण रक्कम भागिले १२, ती जूनपासून पुढच्या मेपर्यंत. त्यामुळे वाढ एका पायरीने येते आणि वार्षिक दरात ती बाराही महिने दिसते, हे शिक्षणाच्या आकड्याचं रूपच आहे. फी एप्रिलमध्ये जाहीर झाली तरी नोंद जूनची. पालकाने हप्त्यांत भरली तरी नोंद जूनची.

कलमनिहाय तुलना करू नका. यंदा ‘संगणक शुल्क’ गायब आणि शिक्षण शुल्क तेवढ्याने जास्त, असं सर्रास होतं. एकूण धरा. बस वेगळी, ती वाहतूक. पुस्तकं-गणवेश शाळेतूनच घ्यायची सक्ती असली तरी त्या वस्तू, सेवेत नकोत. इयत्ता निदान तीन: पहिली, पाचवी, आठवी. मूल पुढच्या इयत्तेत गेलं म्हणून वाढलेली फी ही भाववाढ नाही. यंदाची पाचवी विरुद्ध गेल्या वर्षीची पाचवी अशीच तुलना.

२०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते, म्हणून एका वर्षी मोठी उडी आणि पुढच्या वर्षी शून्य असं दिसलं तर गडबडू नका. सगळ्या शाळा एकाच चक्रात असलेल्या घेऊ नका, म्हणजे झालं. खासगी क्लासेसना हा कायदा नाही, तिथे वर्षात दोनदाही दर बदलतो. क्लासमध्ये तुकडी ३० ची ६० झाली तर शेरा लिहा, भावात हात घालू नका.

सातपुडा

कूलरच्या कामाचा भाव नोव्हेंबरात विचारलात तर कोणी सांगणार नाही. शेवया-कुरडया मशीनवर करून देणं यादीत घेतलंत तर तेच. हंगामाबाहेर शेवटचा भाव ओढत नेऊ नका. तसं केलंत की आठ महिने शून्य आणि फेब्रुवारी-मार्चला एकदम भडका. हंगामाबाहेरच्या महिन्यांत तो भाव दुरुस्तीच्या बाकी सेवांच्या हालचालीने सरकवा, हंगाम आला की खऱ्या भावावर या. मग उडी लहान राहते.

तापीकाठ

बंद पडलेल्या दुकानालाही हीच रीत. ८० चं सलून बंद झालं, शेजारचं १२० चं घेतलंत. सरळ जोडलं तर ५० टक्के वाढ, जी झालेलीच नाही. त्या महिन्यात बाकी सलून ३ टक्क्यांनी वाढले असतील तर जुन्याचा भाव ८२.४० माना आणि तिथेच त्याला सोडा. नव्याची गणती १२० पासून पुढच्या महिन्यात सुरू. नवीन दुकान एसीचं आहे, म्हणून ते १२० ला आहे. तो दर्जाचा फरक आपोआप बाहेर राहतो.

शक्य असेल तर प्रत्येक सेवेला एक राखीव दुकान आधीपासूनच ठेवा आणि त्याचा भाव वहीत लिहीत जा. गरज पडली की एकाच महिन्यात दोघांचे खरे भाव हाताशी असतात, मानण्याची वेळ येत नाही.

वरणबट्टी

करांचं कोणी बोललं नाही. ग्राहक देतो तो कर धरूनचा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनवरचा जीएसटी १८ चा ५ झाला, पण निविष्टी कराची वजावट (खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय) गेली. नोंदणी असलेल्या सलूनचं ५९० चं बिल (५०० अधिक कर) ५२५ व्हायला हवं, ११ टक्के उतार. मालकाने वजावट गेल्याचं कारण देऊन मूळ दर ५३० केला तर ५५६.५०, उतार फक्त ५.७. आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आतल्या, नोंदणी नसलेल्या दुकानात काहीच बदल नाही, कारण तिथे कर लागतच नव्हता. जळगावच्या नमुन्यात दोन्ही जातीची दुकानं नसतील तर कराचा परिणाम तुम्ही एकतर पूर्ण दाखवाल किंवा अजिबात नाही.

केळीबाग

शेवटचं, वजनं. जळगाव जिल्ह्याची वजनं उपभोग पाहणीतून निघतील का?

आकडेमोड

जिल्ह्यापुरती नाही, घरांची संख्या फार कमी पडते. घरनिहाय माहिती मोफत उतरवता येते. त्यात महाराष्ट्राचे सहा विभाग आहेत. ‘अंतर्गत उत्तर’ विभागात नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नाशिक येतात. तेवढं घ्या, शहरी आणि ग्रामीण वेगळं. नाशिक शहराचा पगडा बसेल, विशेषतः घरभाडं आणि क्लासेसवर. नाशिक जिल्हा वगळून एकदा आणि धरून एकदा असे दोन्ही संच काढा. निर्देशांक दोन्हींनी जवळपास तोच आला तर नाशिक धरलेला वापरा, नमुना मोठा म्हणून. फार वेगळा आला तर तिन्ही जिल्ह्यांचा शहरी भाग एकत्र करा.

पाहणी घराकडे तीन वेगळ्या भेटींत माहिती घेते, त्यातली एक भेट दैनंदिन वापराच्या वस्तू आणि सेवांची. त्या यादीत दळणावळ आहे, न्हावी, धोबी, शिंपी आहेत. पुरोहितही आहे. तुमच्या यादीत नाही.

गिरणाथडी

पुरोहिताचं वर्णनपत्रक कसं बांधणार भो? ‘सत्यनारायण, दक्षिणा यथाशक्ती’?

तापीकाठ

‘सत्यनारायण, यजमानाच्या घरी, पूजेचं साहित्य यजमानाचं, अधिक महिना आणि श्रावण सोडून.’ दक्षिणा यथाशक्ती सांगितली तर गेल्या तीन पूजांत प्रत्यक्ष मिळालेली विचारायची आणि मधली लिहायची.